कजाग, भांडकुदळ, आग्यावेताळ... हे शब्द आले कुठून?

शिवाजीपेठ_ते_कोथरूड

गेल्या आठवड्यात कोल्हापुरात चुलतभावाच्या घराची वास्तुशांत होती. जेवण केटरिंगवाल्याला दिलेलं. संध्याकाळी हिशेबाला बसल्यावर तो म्हणाला, तीनशे ताटं झाली. आमची आत्या (वय ७४, गुडघे दुखतात म्हणून दिवसभर दारातल्या खुर्चीवर बसून होती) म्हणाली, दोनशे चौसष्ट. तो म्हणाला, "मावशी, अंदाजानं धरायचं असतं." झालं! पुढचा पाऊण तास मांडवातली एक खुर्ची कुणी हलवली नाही, सगळे ऐकत उभे. छत्तीस ताटांचे २२० प्रमाणे ७,९२० रुपये तिनं बिलातून उतरवले आणि मग त्यालाच बसवून चहा पाजला.

रात्री भावाची बायको (पुण्याची आहे, मुद्दाम सांगतोय) हळूच म्हणाली, "आत्या किती कजाग आहेत ना." काकांनी ते ऐकलं. काका निवृत्त वकील. म्हणाले, कज्जा करते ती कजाग, साधी गोष्ट आहे. मला काही ते पटेना. मग रात्री एक वाजेपर्यंत ओसरीवर आम्ही शब्दच गोळा करत बसलो. भांडखोर, भांडकुदळ, तापट, तिरसट, हेकट, मुजोर, मग्रूर, माजोरी, खाष्ट, आडमुठा, आग्यावेताळ, खवीस, त्राटिका, कळलाव्या... पस्तीसच्या पुढं गेले. गंमत म्हणून प्रेमळ माणसासाठीचे मोजले, तर सातावर गाडी अडली.

तर जाणकारांनी सांगावं, कजाग आला कुठून? आणि तुमच्या घरात, गावात भांडणाऱ्या माणसाला काय म्हणतात?

तांबडा_पांढरा

पहिला! आत्यांना साष्टांग दंडवत. आमच्या लग्नात हॉलवाल्याचं बिल आलं तेव्हा कुठं होत्या त्या?

मिसळ_कटासह

सात तरी कुठं सापडले रे? मला मनमिळाऊ, लाघवी यापुढं सुचेना.

कोशकीटक

वकीलकाकांना सांगा, या खटल्यात ते हरले. पण अपिलाला जागा आहे.

कज्जा हा अरबी 'कझिया'. अर्थ वाद, खटला. निवाडा करणारा काझी त्याच धातूतला, म्हणजे कज्जा आणि काझी सख्खे नसले तरी चुलतभाऊ. त्यालाच अरबी दलाल जोडला की कज्जेदलाल, दुसऱ्यांची भांडणं लावून मध्ये आपली पोळी भाजणारा.

कजागचं घराणं वेगळं. मूळ तुर्की शब्द कझाक. टोळी सोडून, कुणाची चाकरी न करता मोकळा हिंडणारा, घोड्यावरून येऊन लूट करून जाणारा गडी. कझाकस्तानातले कझाक आणि रशियातले कोसॅक यांची नावं याच शब्दाची. फारसीतून तो हिंदुस्तानात आला तो 'लुटारू स्वार' या अर्थानं. समोरासमोर न लढता झडप घालून पसार होण्याच्या लढाईला फारसीत कझाकी म्हणत. म्हणजे आपण ज्याला गनिमी कावा म्हणतो तेच.

शेवटच्या क चा ग कसा झाला, असं कुणी विचारायच्या आत सांगतो. अरबीतला घशातला 'क' मराठीत येताना बऱ्याचदा ग होतो. तकाझा चा तगादा झाला, नक्द चं नगद झालं, तसाच कझाक चा कजाग.

आता अपिलाची जागा. स्वाराचा अर्थ लोक विसरले, शब्द तेवढा उरला, आणि शेजारी कज्जा तर रोजच्या वापरात. एकासारखा दुसरा ऐकू येतो म्हटल्यावर लुटारू हळूहळू भांडखोर झाला. म्हणून जन्म कझाकचा, पण वळण कज्जाच्या घरातलं, असं मी म्हणेन.

तांबडा_पांढरा

म्हणजे आत्या कोसॅक निघाल्या!! खटक्यावर बोट.

पेठेतला_पैलवान

कोल्हापुरात भांडखोर लई हायत असं बाहेरची लोकं म्हणत्यात. चूक हाय. आमी भांडत न्हाई, आमी बोलतोय. आवाजच तसा हाय त्याला काय करणार.

बावड्याची_सून

+१०० पैलवानदादा. मी मूळची पुण्याची, लग्न होऊन कसबा बावड्यात आले त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पहिल्या महिन्यात एकदा सकाळी सहाला जाग आली ती आरडाओरड्यानं. मला वाटलं, सासरे आणि शेजारचे तात्या एकमेकांच्या अंगावर धावून जाणार. दार किलकिलं करून बघितलं तर दोघं कट्ट्यावर मांडीला मांडी लावून बसलेले, विषय काय, तर नवी घेतलेली म्हैस दूध किती देते.

"ये की", "बस की", "जेव की" हे मला दटावल्यासारखंच वाटायचं. त्यात इथल्या मुली "मी आलो", "मी गेलो" म्हणतात, त्यामुळं पहिल्या वर्षी सगळ्या नणंदा मला भांडायला उभ्या असल्यासारख्या वाटत. आता मीच माहेरी फोनवर बोलायला लागले की आई विचारते, काय झालं, कुणाशी वाजलं?

अक्षरवेडी

कोशकीटक, माहितीबद्दल आभार. पण एक बघा. कझाक म्हणजे दाढीमिशीवाला, तलवार घेतलेला घोडेस्वार, बरोबर? मग आज 'कजाग' कुणाला म्हणतात? सासू, नणंद, जाऊ, वाड्यातल्या मालकीणबाई. 'कजाग बाप' किंवा 'कजाग मेहुणा' शेवटचं कधी ऐकलंत? पुरुष तसाच वागला तर तो करारी, बाणेदार, रगेल. फार झालं तर 'तापट आहे, पण मनानं चांगला'. हे 'पण मनानं चांगला' बाईच्या वाट्याला कधी येत नाही.

धागाकर्त्याच्या आत्यांनी हिशेब बरोबर केला होता, हेही नोंदवून ठेवते.

रंकाळ्यावरचा

अक्षरवेडी, नेहमीचं चालू झालं तुमचं. जमदग्नी, दुर्वास, खवीस, आग्यावेताळ हे कुणाला म्हणतात मग? पुरुषांनाच ना?

अक्षरवेडी

वा, माझं काम सोपं केलंत. पुरुष चिडला की तो जमदग्नी नाहीतर दुर्वास, म्हणजे ऋषी, तपश्चर्या वगैरे असलेला. बाई चिडली की ती त्राटिका, म्हणजे रामायणातली ताटका राक्षसीण. शेक्सपिअरच्या भांडखोर बायकोच्या नाटकाचं मराठी रूपांतर झालं त्याचंही नाव 'त्राटिका'च. आणि कौतुक करायचं झालं तर एकदम रणरागिणी. मधलं काही नाहीच.

रंकाळ्यावरचा

खवीस राहिला.

कोशकीटक

खवीस अरबी 'खबीस'. अर्थ दुष्ट, अमंगळ. भाषेत आल्यावर भूत झाला. दोघांचाही मुद्दा त्यानं सिद्ध होत नाही, सोडून द्या.

मिसळ_कटासह

आमच्या हापिसातल्या साहेबाला आम्ही दुर्वास म्हणायचो. बदली होऊन गेला. नवीन आला तो शांत. एवढा शांत की फायलीवर सहीच करत नाही. आता सगळे दुर्वासाची आठवण काढतात.

गडकोट_भटक्या

कोशकीटकांच्या कझाकावरून सुचलं. आपले भांडणाचे शब्द बघा, निम्मे घोड्यांच्या पागेतून आलेत.

मुजोर म्हणजे मुंहजोर. लगाम ओढला तरी तोंडाच्या जोरावर पुढंच जाणारं जनावर. अडेलतट्टू तर उघडच आहे, तट्टू म्हणजे लहान चणीचा घोडा, आणि तो वाटेत अडला की ढिम्म हलत नाही. बिथरणं, उधळणं, बेलगाम बोलणं. शिव्यांची सरबत्ती करणाऱ्याला आपण म्हणतो 'दुगाण्या झाडतोय', म्हणजे मागचे दोन पाय. मग तोंडाचा पट्टा. हा पट्टा कमरेचा नव्हे बरं का, हत्यार आहे ते. कोपरापर्यंत लोखंडी खोबण आणि पुढं लांब लवलवतं पातं. कोल्हापुरात मर्दानी खेळाचे आखाडे आहेत, तिथं एकदा पट्टा फिरताना बघा. एक माणूस मध्ये उभा राहून चारी बाजूंनी असा फिरवतो की जवळ जायची कुणाची छाती नाही. आता डोळ्यापुढं आत्या आणा. पटलं?

दोनशे वर्षं ज्या मुलखात घरटी एक माणूस स्वारीवर जात होता, तिथं भांडणाचे शब्द घोडा-हत्याराचे असणारच.

तांबडा_पांढरा

आणि हल्ली गाडीचे. "त्याचा गिअर पडला की ब्रेक लागत न्हाई."

निपाणीकर

सीमेपलीकडून नमस्कार. तंटा हा शब्द राहिला. कन्नडमध्ये 'तंटे' म्हणजे कटकट, भांडण. "त्याच्या तंटेला जाऊ नको" असंच आमच्याकडं दोन्ही भाषांत म्हणतात, नुसतं क्रियापद बदलायचं. आणि भांडकुदळ बाईला कन्नडमध्ये जगळगंटी. जगळ म्हणजे भांडण. माझी आजी मराठीत भांडायला सुरुवात करायची, मुद्दा संपला की कन्नडमध्ये शिरायची. समोरची बाई कन्नड न येणारी असली तर तिथंच हरली.

कोशकीटक

निपाणीकर, हे फार महत्त्वाचं बोललात. भांडताना भाषा बदलायची सवय जुनी आहे. 'हमरीतुमरीवर येणे' बघा. हमरी-तुमरी म्हणजे हमारी-तुम्हारी. दोन मराठी माणसं भांडता भांडता हिंदुस्तानीवर घसरली की समजायचं, आता हात उचलणार. आपल्याकडं लष्करात सगळ्या जातीपातीचे, मुलखांचे लोक, हुकूम आणि शिव्या हिंदुस्तानीत. आजही वाहतूक पोलिसाशी हुज्जत घालणारा माणूस दुसऱ्या मिनिटाला "क्या बात करता है" वर येतो की नाही?

हुज्जतही अरबीच. तिकडं अर्थ पुरावा, युक्तिवाद. आपल्याकडं आल्यावर पुरावा गळाला, वाद राहिला.

पेठेतला_पैलवान

आमच्याकडं हिंदीवर जात न्हाईत. डायरेक्ट.

अक्षरवेडी

:)) डायरेक्ट काय ते स्पष्ट करा पैलवान.

पेठेतला_पैलवान

बरं, आता नीट सांगतो. मी सहावीत असताना वडलांनी तालमीत घातलं. कारण मी शाळेत रोज मारामारी करून यायचो. गुरुजींनी वडलांना बोलवून सांगितलं, पोरगं लई मारकुटं हाय. वस्तादांनी पयल्या दिवशी ईचारलं, रग हाय न्हवं अंगात? म्या म्हटलं, हाय. म्हणले, जिरव मातीत. पहाटं चारला उठवायचे. जोर, बैठका, आखाडा उकरायचा, परत जोर. आठ दिवसात मला शाळेत कुणी शिवी दिली तरी हात उचलायची ताकद न्हाई उरली.

तवा ध्यानात आलं, रग येगळी आन् भांडण येगळं. शड्डू मारायचा तो समोरच्याला लढायला बोलवायला, त्यो काय राग न्हवं. कुस्ती झाली की जिंकलेला हरलेल्याला मिठी मारतो. रगेल म्हंजे आमच्याकडं चांगला शब्द हाय. खरा भांडखोर असतोय त्याच्यात रग नसतीया, नुसतं तोंड.

जाता जाता, वस्ताद म्हंजे उस्ताद हे मला आमच्या वस्तादांनीच सांगितलंय, कोशकीटकांच्या आधी.

कोशकीटक

मान्य. शरणागती.

गडकोट_भटक्या

पैलवानांच्या मुद्द्याला जोडून, 'ईर्षा' हा कोल्हापूरचा खास शब्द. संस्कृतात ईर्ष्या म्हणजे दुसऱ्याचं बरं झालेलं न बघवणं, मत्सर. आणि आपल्याकडं पेपर उघडा: 'ईर्षेने मतदान', 'ईर्षेची लढत'. पेठांचा फुटबॉल सामना असू दे नाहीतर सोसायटीची निवडणूक, ईर्षा नसली तर लोक म्हणतात मजा नाही आली. एका पुणेरी मित्राला मी म्हटलं, यंदा गावात फार ईर्षा आहे. त्याला वाईट वाटलं बिचाऱ्याला.

शेंगदाणा_चटणी

माझा साधा प्रश्न. भांडण हा शब्द भांड्यावरून आला ना? आई म्हणायची, चार भांडी एकत्र आली की वाजणारच.

कोशकीटक

ताई, म्हण सुंदर आहे, व्युत्पत्ती नाही. भांडं हे संस्कृत 'भाण्ड' पासून. भांडण प्राकृतातल्या 'भंडण' पासून, आणि त्याचा अर्थ तेव्हाही कलहच होता. म्हणजे दोन हजार वर्षांत भांडणाचा अर्थ बदललेला नाही. बाकी सगळं बदललं.

पण भांडखोर बघा. भांडण इथलं आणि 'खोर' फारसी. खोर म्हणजे खाणारा. लाच खातो तो लाचखोर, चुगल्या खातो तो चुगलखोर. त्या हिशेबानं भांडखोर म्हणजे ज्याचं पोटच भांडणावर भरतं तो. धड इथलं, शेपूट इराणचं, पण जोड असा बसलाय की सांधा दिसत नाही.

शेंगदाणा_चटणी

म्हणजे आमच्या चुलत सासूबाई. जेवण कमी, हे जास्त.

मग माज?

कोशकीटक

माज अस्सल. संस्कृत माद्यति, प्राकृत मज्जइ, मराठी माजणे. मदाशी नातं. मस्ती, मस्तवाल मात्र फारसी 'मस्त' पासून, तिथंही अर्थ झिंगलेला. दोन्ही भाषांना तेच सुचलं, घमेंड आणि दारू एकाच घरात ठेवावी.

मग्रूर माझा सगळ्यात आवडता. अरबीत 'मग्रूर' म्हणजे मुळात फसवला गेलेला, भुलवलेला. कशानं भुलला? स्वतःच्याच मोठेपणानं. पुढं तोच गर्विष्ठ झाला. एखादा मग्रूर माणूस समोर आला की मी मनात म्हणतो, बिचारा फसलाय. रक्तदाब खाली येतो, करून बघा.

मिसळ_कटासह

दोन दिवस करून बघितलं. साहेब फसलेला वाटत नाही, मीच वाटतो.

चुलीवरची

मला व्याकरण फार कळत नाही, पण स्वयंपाकातलं कळतं. आंबट, तुरट, खारट, कडवट, तिखट. आणि तापट, तिरसट, हेकट, रागीट. सगळ्यांच्या शेवटी ट. चवीचा आणि स्वभावाचा मसाला एकाच डब्यातला आहे का हो?

अक्षरवेडी

चुलीवरची, काय सुरेख पकडलंत!

कोशकीटक

खरंच सुरेख. तिखट संस्कृत तीक्ष्ण, प्राकृत तिक्ख, त्याला ट. म्हणजे मूळ अर्थ धारदार. मिरची आपल्याकडं आली पोर्तुगिजांबरोबर, त्याआधीचं तिखट ते काळ्या मिऱ्याचं. म्हणून वरचढ झालेला माणूस 'डोक्यावर मिरी वाटतो' हा जुना, आणि राग आलेल्याच्या 'नाकाला मिरच्या झोंबल्या' हा त्यानंतरचा.

तांबडा_पांढरा

आणि संकेश्वरी मिरची आल्यावर कोल्हापूर.

रंकाळ्यावरचा

एक जरा गंभीर. हल्ली पोरं वाट्टेल त्याला "लई कडू हाय ते" म्हणतात. भांडखोर, वाईट वागणारा अशा अर्थानं. आमच्या लहानपणी हा शब्द घरात उच्चारला तर थोबाडीत बसायची, कारण कडू म्हणजे लग्नाशिवाय झालेली संतती. गोड वंश, कडू वंश असं म्हणायचे. ज्यात त्या लेकराचा काही दोष नाही त्याची शिवी केली होती समाजानं. आता अर्थ पुसट झालाय, पोरांना ठाऊकही नसतं, तरी मला ऐकताना अंगावर काटा येतो.

अक्षरवेडी

रंकाळ्यावरचा, या एका पोस्टसाठी तुम्हाला वरचं सगळं माफ.

बावड्याची_सून

हे मला एकोणीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा दिवसातनं दहादा म्हणतो. आज बसवून सांगते.

माळावरची_माया

कळलाव्यावरून आठवलं. कळ लावणे यातली कळ म्हणजे कलह, हे सगळ्यांना ठाऊक. पण कळलावी नावाचं झाड बघितलंय का? पावसाळ्यात पन्हाळ्याच्या, राधानगरीच्या बाजूला कुंपणावर चढलेलं असतं. पानांच्या टोकांना सुतासारखे वेटोळे, त्यांनी ते शेजारच्या झाडाला धरून वर जातं. फूल उलटं, पाकळ्या वर वळलेल्या, खाली पिवळ्या वर लाल, जळत्या ज्योतीसारखं. म्हणून अग्निशिखा असंही नाव आहे.

मी आठवीत असताना सहलीवरून एक फूल घरी आणून पेल्यात ठेवलं. आजीनं बघितलं आणि पेल्यासकट उकिरड्यावर भिरकावलं. "ते घरात आलं की भांडणं लागत्यात." योगायोग असा की त्याच रात्री पेला फेकला म्हणून आई आणि आजीची जुंपली, चांदीचा होता तो.

नंतर वनस्पतिशास्त्र शिकताना कळलं की नावाची दुसरीही बाजू आहे. सुईणी जुन्या काळी त्याचा कंद बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून वापरत. ती कळ वेगळी, भांडणाची वेगळी, झाड एकच. कंद जहाल विषारी असतो, कोल्चिसीन असतं त्यात, तेव्हा आजीचं फेकणं अगदीच चूक नव्हतं. कुणी उपटून आणू नका.

तांबडा_पांढरा

चांदीचा पेला उकिरड्यावर!! सापडला का?

माळावरची_माया

सापडला. त्यावरून अजून बोलणी होतात.

कोथरूडचा_जोशी

सगळं वाचलं. चांगला धागा. पण निष्कर्ष असा दिसतो की कोल्हापूरकर भांडतात आणि त्याला ईर्षा, रग, रांगडेपणा अशी गोंडस नावं देतात. आमच्याकडं माणूस आवाज न चढवता 'आपलं म्हणणं चुकीचं आहे' म्हणतो आणि विषय संपतो.

पेठेतला_पैलवान

विषय संपत न्हाई जोशीसाहेब. तुमी तो चाळीस वर्षं मनात ठेवता.

कोथरूडचा_जोशी

निदान मिसळीत फरसाणाऐवजी भांडण घालत नाही.

मिसळ_कटासह

मिसळीवर यायचं न्हाई हां!!! शेव-पोहे घालून त्याला मिसळ म्हणणाऱ्यांनी तर अजिबात.

कोथरूडचा_जोशी

पोह्यांत काय वाईट आहे?

*(इथले अकरा प्रतिसाद मिसळीच्या धाग्यावर हलवले आहेत. शब्दांवर बोला. — संपादक)*

गडकोट_भटक्या

जोशींनी रांगडेपणा काढलाच आहे तर सांगतो. माळव्यातल्या रजपुतांच्या बोलीला रांगडी म्हणतात. तिकडचा धिप्पाड, मोकळाढाकळा शिपाईगडी तो रांगडा, तिथून आपल्याकडं शब्द रुजला असं मला वाटतं. कोल्हापूरचा रांगडेपणा म्हणून आपण जो मिरवतो, ते नाव बाहेरगावचं.

निपाणीकर

तंटा निपाणीला, रांगडा माळव्याला, कजाग कझाकस्तानला. कोल्हापूरचं स्वतःचं काय राहिलं मग?

पेठेतला_पैलवान

आवाज.

वकिलीण_राजारामपुरी

धागा उशिरा दिसला. काकांच्या बाजूनं एक मुद्दा. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. आधी मुंबईचा रात्रीचा प्रवास, लॉजचा खर्च, यामुळं अर्धी माणसं कज्जा मध्येच सोडून देत. आता अशील सकाळी जेवून येतात आणि दुपारी घरी जातात. त्यामुळं कज्जा या शब्दाला आमच्याकडं चांगले दिवस आलेत.

आणि रोजचा अनुभव सांगते. ज्यांना सगळं गाव भांडखोर म्हणतं ती माणसं कोर्टात फारशी येत नाहीत. त्यांचं जागच्या जागी मिटतं. वाटणीचे पंचवीस-पंचवीस वर्षांचे दावे असतात ते शांत, मितभाषी भावांचे. जोशींनी राग मानू नये.

कोथरूडचा_जोशी

मानला नाही. लक्षात ठेवला आहे.

शेंगदाणा_चटणी

:)) :))

तंटामुक्त गाव मोहीम आठवते का कुणाला, २००७ ची? आमच्या गावात समितीचा अध्यक्ष कुणी व्हायचं यावरून दोन गट पडले होते, ते अजून एकमेकांच्या बारशाला जात नाहीत.

अक्षरवेडी

मूळ प्रश्नाकडं येऊ या का? मला कजाग शब्द परत मिळवावासा वाटतोय. घोड्यावरची, कुणाची चाकरी न करणारी. कावळा नाक्याला ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आहे, त्याच्याखालून रोज जाते मी. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले, तेव्हा त्या पंचविशीत, आणि पुढची सात वर्षं, औरंगजेब मरेपर्यंत, त्यांनी मोगली फौजेला स्वस्थ बसू दिलं नाही. तीही त्याच धावत्या, झडप घालणाऱ्या लढाईनं. म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थानं खऱ्या कजाग त्याच. शिवाजीपेठ_ते_कोथरूड, हे तुमच्या आत्यांना सांगा ना. कुठं गायब आहात? धागा काढून पळालात, कझाकी केलीत की.

शिवाजीपेठ_ते_कोथरूड

पळालो नव्हतो, गावाकडंच होतो. काल रात्री आत्याला सगळा धागा वाचून दाखवला. चष्मा लावून बसली होती, वाचायची नाही, तरी लावून.

काकांना हरल्याचं कळवलं. ते म्हणाले, अपील मंजूर केलंय ना, मग स्थगिती आहे. पैलवानांचं तिला सगळ्यात आवडलं, म्हणाली हे पोरगं कुणाचं, विचार. चांदीच्या पेल्याला "आजीचं चुकलं, फूल टाकायचं, पेला ठेवायचा" असा निकाल दिला.

मग ताराराणींचं वाचलं. त्यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, खूश झाली. तर म्हणाली, "परत वाच ते. कजाग म्हंजे कोण?"

म्हटलं, घोड्यावर बसून येतो आणि लुटून जातो तो.

"मग मी कशी कजाग? लुटायला त्यो आलता. घोडा न्हवता, टेंपो हुता एवढंच."

भावाची बायको शेजारीच बसली होती. तिनं रीतसर शब्द मागं घेतला आणि केटरिंगवाल्याला दिला.

तांबडा_पांढरा

काटा किर्रर्र. आत्या, नाद खुळा.

कोशकीटक

व्युत्पत्तीच्या दृष्टीनं आत्यांचं बरोबर आहे.

मिसळ_कटासह

त्या केटरिंगवाल्याचं पुढं काय झालं?

शिवाजीपेठ_ते_कोथरूड

पुढच्या महिन्यात भाचीच्या मुलाचं बारसं आहे. जेवण त्यालाच दिलंय, आत्यानंच सांगितलं. म्हणाली, नवीन माणूस घेतला तर परत पहिल्यापास्नं मोजायला शिकवाय लागतंय.